दूध पावडरीवर उभा चॉकलेट ब्लॉक

पोलंडमध्ये १९७६ साली साखर रेशन कार्डावर गेली. ऐंशीच्या दशकात चॉकलेटवरही तीच वेळ आली, आणि दुकानात मिळू लागला तो ‘चॉकलेटसदृश’ माल. त्या टंचाईत घरोघरी व्हायचा ‘ब्लोक चेकोलादोवी’, म्हणजे लोणी, साखर, कोको, दूध पावडर आणि मोडलेली बिस्किटं. ओव्हन लागत नाही. गंमत म्हणजे चॉकलेटही लागत नाही.

खरं चॉकलेट घरी करायला जावं, तर टेम्परिंगपाशी, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून निववण्यापाशी, घोडं अडतं. कोको बटरचे, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशाचे, स्फटिक सहा प्रकारचे असतात. चकाकी आणि कटकन तुटणं मिळतं ते त्यातल्या पाचव्या प्रकारामुळे, आणि त्यासाठी तापमान अंशाअंशानं सांभाळावं लागतं. कोको पावडरीतून बहुतेक कोको बटर आधीच पिळून काढलेलं असतं. त्यामुळे ब्लॉकमध्ये ही कटकटच उरत नाही.

मग तो घट्ट कशानं होतो? साधारण २०० ग्रॅम लोणी, तेवढीच साखर, अर्धा कप पाणी आणि चार चमचे कोको एकत्र उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि त्यात ४०० ग्रॅम दूध पावडर मिसळायची. हिशेब करून बघा: लोण्यातलं पाणी धरूनही एकूण पाणी दीडशे मिलिलीटरच्या आसपास. साखर त्यात विरघळलेली आहेच. उरलेल्या पाण्यावर पावडरीतली प्रथिनं तुटून पडतात, फुगतात, आणि बघता बघता कालथा फिरवणं जड जातं.

गुठळ्या होतात त्याही इथेच. पावडर एकदम ओतली, की ढिगाचा बाहेरचा थर भिजून चिकट होतो आणि आतल्या कोरड्या पावडरीपर्यंत पाणी पोचूच देत नाही. म्हणून चाळणीतून थोडी थोडी घालावी. पावडर साय न काढलेल्या दुधाचीच हवी. डेअरी व्हाइटनरमध्ये साखर असते, तो घेतला तर गोडाचा अतिरेक होतो. लोणीही बिनमिठाचं घ्या.

बिस्किटं सगळ्यांत शेवटी, नि मोठे तुकडे करून. कोरडं बिस्किट ओलावा ओढतंच. चुरा केला तर तासाभरात लगदा होतो.

मिश्रण केकच्या लांबट साच्यात दाबून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, की लोण्यातल्या स्निग्धांशाचे स्फटिक जमतात आणि वडी सुरीला दाद देऊ लागते. काही दिवसांनी ती किंचित रवाळ लागली तर ती खराब झाली असं समजू नका. दुधातली लॅक्टोज ही साखर पाण्यात फारशी विरघळत नाही, तिचेच बारीक खडे होतात. लोणी मात्र ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यात वड्या कापून लगेच वाढलेल्या बऱ्या.