किती टन लावायचे? आमचा डाय आणि टेस्ट सेल नेणाऱ्यांसाठी

घन इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे ज्यातून आयन वाहतात अशा घन पदार्थाची पावडर डायमध्ये (साच्यात) दाबून पेलेट म्हणजे चकती करायची आणि टेस्ट सेलमध्ये ती मोजायची, तर फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि आम्ही लगेच विचारतो डाय किती व्यासाचा? कारण १३ एमएमच्या डायवर ५ टन म्हणजे साधारण ३७० मेगापास्कल, तेच ५ टन १० एमएमवर लावले की ६२० च्या वर जातात. म्हणून वहीत टन नको, मेगापास्कल लिहा, आणि प्रेसच्या गेजवर दिसतो तो तेलाचा दाब असेल तर तो पेलेटवरचा दाब समजू नका.

आता मुख्य गोष्ट. दाब वाढवला की कंडक्टिव्हिटी (आयन किती सहज वाहतात ते) वाढते असं सगळे धरून चालतात, आणि पावडरमध्ये तसं दिसतंही, कारण दाण्यांमधली पोकळी जाते आणि दाणे एकमेकांना नीट टेकतात. लिथियमची सल्फाइडं मऊ, ती नुसत्या थंड दाबाने छान बसतात. गार्नेटसारखं कडक ऑक्साइड मात्र कितीही दाबा, भट्टीत हजार डिग्रीच्या वर सिंटर केल्याशिवाय, म्हणजे तापवून दाणे एकमेकांना जोडल्याशिवाय काय खरं नाही.

पण क्रिस्टलच्या आत उलटं चालतं. आयन शेजारच्या रिकाम्या जागेत उडी मारतो तेव्हा मधल्या आयनांना क्षणभर बाजूला व्हावं लागतं, सकाळच्या फोंडा-पणजी बसमध्ये मागच्या सीटवरून दारापर्यंत यायचं तर मधल्या प्रत्येकाने थोडं सरकावं लागतं ना, तसंच. दाबलं की सरकायला जागाच उरत नाही, म्हणून बहुतेक क्रिस्टलमध्ये कंडक्टिव्हिटी पडते. त्या उडीला जी जादा जागा लागते तिला अ‍ॅक्टिव्हेशन व्हॉल्यूम म्हणतात. समजा ती मोलमागे ३ घन सेंमी आहे, तर रूम टेंपरेचरला १०० मेगापास्कलवर साधारण ११ टक्के घट, आणि ३७० वर एक तृतीयांशापेक्षा जास्तच.

कधीकधी तर क्रिस्टलची रचनाच बदलते. लेड फ्लोराइड घ्या, तापवल्यावर त्यातून वीज जाते हे फॅरडेने १८३० च्या दशकातच पाहिलं होतं. त्याचा चांगला वाहणारा क्यूबिक प्रकार साधारण ४०० मेगापास्कलच्या आसपास दाबला की ऑर्थोऱ्हॉम्बिक होतो, दाब काढला तरी तसाच राहतो आणि कमी वाहतो. पांढरी चकती दिसायला अगदी तीच, म्हणून माणूस सेलची वायर तपासत बसतो. अशा वेळी आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टलची रचना तपासणं) करा, पेलेट नीट तापवला की क्यूबिक परत येतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच की दोन रीडिंग घ्या, एक दाबाखाली आणि एक दाब सोडल्यावर, आणि दोन्ही वेळी जाडी परत मोजा, जुनी जाडी धरून हिशोब केला तर आकडा चुकतो. सोडल्यावर कंडक्टिव्हिटी खूप पडली तर बहुतेक वेळा दाण्यांचा किंवा इलेक्ट्रोडचा कॉन्टॅक्ट सुटलेला असतो, उलट थोडी वाढली तर समजा पेलेट चांगला घट्ट बसलाय आणि आतला खरा परिणाम दिसतोय.

जून ते सप्टेंबर सल्फाइड उघड्यावर अजिबात दाबू नका, दमट हवेत हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो विषारी आहे, आणि सडक्या अंड्याचा वास आला म्हणजे सँपलही गेलंच, ते काम ग्लोव्ह बॉक्समध्येच (कोरड्या वायूची, हातमोजे बसवलेली बंद पेटी). डाय मात्र बारा महिने पुसून हलकं मशीन ऑइल लावून ठेवा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पंचच्या (पावडर दाबणाऱ्या दांड्याच्या) तोंडावर दोन दिवसांत गंज धरतो. परत वापरायच्या आधी ते तेल अ‍ॅसिटोनने पूर्ण काढा.