जहाजाचा तळ आणि गोदीची वारी

बडोद्यातून समुद्र दिसत नाही. त्यामुळे 'गायकवाडांचं आरमार' म्हटलं की इथल्या मराठी घरांतही लोक थट्टा समजतात. पण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अंबिका नदीकाठच्या बिलिमोऱ्याला संस्थानाचं आरमारी ठाणं होतं, 'सुभा आरमार' या नावाचं. जागा हेरणाऱ्याला जहाजबांधणीचा धंदा कळत होता. आत शिरायला खाडी, पाठीशी डांगच्या जंगलातला साग. पुढे १९१३ च्या सुमारास गायकवाडांनी बिलिमोरा-वघई ही अरुंद रेल्वे टाकली, तीही डांगच्या लाकडावर डोळा ठेवूनच.

आज शंभर-दीडशे फुटी शिडाची यॉट महिनोन् महिने गोदीत का पडून राहते, तिच्या रिफिटला, म्हणजे मोठ्या डागडुजीला, एवढा पैसा का लागतो, याचं उत्तर शोधायला मागे जावं लागतं. आणि मागे जाताना डोलकाठीकडे नाही, तळाकडे बघावं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात, तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं. तळ खडबडीत झाला की वेग जातो. आपल्या किनाऱ्यावर यावर चुना आणि चरबीचा लेप देत. उधाणाच्या भरतीला जहाज काठावर घ्यायचं, ओहोटीत ते कोरडं पडलं की तळ खरवडायचा, फळ्यांच्या सांधींत राळ-तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, लेप द्यायचा. खंभातच्या आखाताच्या टोकाशी भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे निसर्गानेच फुकट गोदी बांधून दिलेली. पावसाळ्यात दर्या बंद, तेव्हा बाकीची कामं. भूमध्य समुद्रात हीच कामं हिवाळ्यात चालतात. उन्हाळाभर फिरलेल्या यॉट स्पेनमधल्या पाल्मा किंवा फ्रान्समधल्या ला सिओताच्या गोद्यांत जाऊन बसतात. यातली ला सिओताची गोदी एके काळी मोठमोठी जहाजं बांधायची, आता ती यॉटच्या डागडुजीवर जगते.

सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेले आणि १७५० मध्ये तिथे सुकी गोदी, म्हणजे पाणी काढून जहाज कोरडं ठेवता येईल अशी गोदी, उभी राहिली. वाडियांच्या हातची सागवानी जहाजं किती टिकली याचा पुरावा अजून तरंगतो आहे: १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, साग तेलकट असल्याने ते जपतो. मोठं कारण हे.

इंग्रजांनी तळाला वेगळा उपाय केला. १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. किडे हटले, शिंपलेही हटले. पण दोनेक वर्षांनी पाहतात तर पत्रे जिथे लोखंडी खिळ्यांना भिडले होते तिथे खिळेच विरघळलेले. खाऱ्या पाण्यात दोन धातू जोडले की त्यांची बॅटरी होते, आणि त्यात एकाचा बळी जातो. १८२४ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी सुचवलं की तांब्याला जस्त किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो झिजेल, तांबं वाचेल. तांबं वाचलंही. फक्त शिंपल्यांना दूर ठेवायचं ते पाण्यात उतरणारं तांबंच; आता ते झिजेना म्हणून पाण्यात उतरेना, आणि शिंपले पुन्हा आले! विज्ञानाच्या इतिहासातली ही माझी आवडती फजिती. डेव्हींचा बळीचा तुकडा मात्र टिकला. आजही बहुतेक यॉटच्या तळाला जस्तासारख्या धातूचे तुकडे असतात आणि झिजले की ते बदलतात.

विसाव्या शतकात टिनयुक्त रंग आले. ते इतके जालीम निघाले की कालवांची कवचं वेडीवाकडी वाढू लागली. २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने त्यांवर बंदी आहे. बहुतेक गोद्या पुन्हा तांबंयुक्त रंगांकडे वळल्या.

दरम्यान लाकूडही मागे पडलं. त्याच्या जागी आलेल्या फायबरग्लासला (काचतंतू आणि रेझिन मिळून बनलेला) किडा लागत नाही, पण पाणी हळूहळू त्यात मुरतं आणि फोड येतात. मग वरचा थर खरवडून तळ आठवडेच्या आठवडे वाळवावा लागतो. गोदीतला निम्मा काळ अशा वाट पाहण्यात जातो, हे पहिल्यांदा यॉट घेणाऱ्याला पटत नाही. बडोद्याच्या आसपास पवनचक्क्यांची पाती बनतात, तिथल्या कामगाराला विचारा, काचतंतू आणि रेझिन म्हणजे काय ते तो सांगेल. गोव्यात बांधलेली, २००९ मध्ये नौदलात आलेली ५६ फुटी 'म्हादेई' मधल्या वाटेची: लाकडी गाभा, वर फायबरग्लास. तिच्यावरूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची भगिनी 'तारिणी' २०१८ मध्ये परतीच्या वाटेवर सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबली होती. तळ कितीही चांगला असला तरी सुकाणू, डोलकाठीला ताणून धरणारे पोलादी ताण आणि पठाणाचे (तळाच्या मधल्या कण्याचे) बोल्ट मुदतीत उघडून पाहावेच लागतात.

साग आता उरला तो डेकवर. पायाला घसरत नाही, दिसतोही देखणा, म्हणून मालक हट्टाने बर्मी साग मागत. २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघाने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. त्यामुळे गोद्यांत बूच (कॉर्क) आणि प्रक्रिया केलेल्या दुसऱ्या लाकडांचे नमुने फिरू लागले आहेत.