टाळूविस्तार आणि हिरडीद्रवातील जैवरासायनिक निर्देशक

वरचा जबडा अरुंद राहिला की मुलाच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात. यावर टाळूत स्क्रूचे उपकरण बसवून जबड्याचे दोन अर्धे भाग मधल्या शिवणीपाशी, म्हणजे दोन्ही हाडे जुळतात त्या सांध्यापाशी, हळूहळू दूर केले जातात; हाच टाळूविस्तार. इमर्सन अँजेल यांनी १८६० साली अमेरिकेत साडेचौदा वर्षांच्या मुलीवर हा उपाय केला, तेव्हा समव्यावसायिकांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांच्या लेखानंतर ही पद्धत पुन्हा रुजली.

घरी आई किंवा वडील दिवसातून एकदोनदा चावी फिरवतात. पाव फेऱ्याला स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतो. काही दिवसांत वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडते आणि पालक धास्तावतात. खरे तर शिवण उघडल्याची ती खूण असते. पुढे बहुतेक मुलांत ही फट आपोआप मिटत जाते.

उपकरण दाढांवर पेललेले असल्याने ताण दाढांच्या मुळांभोवतीच्या ऊतींवरही येतो. दाब पडतो तिथे ऑस्टिओक्लास्ट या हाड पोखरणाऱ्या पेशी जाग्या होतात, ओढ बसते तिथे ऑस्टिओब्लास्ट नवे हाड घालतात. या घडामोडींचे अंश दात आणि हिरडी यांमधल्या खाचेत पाझरणाऱ्या द्रवात, म्हणजे हिरडीद्रवात, उतरतात आणि तिथे मोजता येतात. इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा संदेशवाहक. रँकल या प्रथिनामुळे ऑस्टिओक्लास्ट तयार होतात आणि ऑस्टिओप्रोटेगेरिन हे दुसरे प्रथिन रँकलला आवर घालते, म्हणून या दोघांचे गुणोत्तर पाहतात. विकरांपैकी आम्ल फॉस्फटेज हाड झिजण्याशी, तर अल्कलाइन फॉस्फटेज हाड घडण्याशी निगडित आहे.

नमुना घेण्यासाठी सुई टोचावी लागत नाही, मुलांच्या दृष्टीने ही मोठीच सोय. दाढेवर साचलेला मऊ थर काढतात, कापसाने लाळ अडवतात, हवेने दाढ कोरडी करतात आणि कागदाची बारीक पट्टी खाचेत साधारण ३० सेकंद धरतात. मिळणारा द्रव अनेकदा एका मायक्रोलिटरपेक्षाही कमी असतो. पट्टीला रक्ताचा डाग दिसला, तर ती टाकून द्यावी लागते, कारण रक्तातलेच घटक मोजणीत येतात.

हे आकडे वाचताना मात्र सावध राहायला हवे. द्रव दाढेच्या खाचेतला असतो, टाळूच्या शिवणीतला नव्हे. त्यामुळे तो मुख्यतः आधाराच्या दाढेभोवती काय चालले आहे ते सांगतो. उपकरणाच्या कडेला अन्न अडकून हिरडी सुजली तरी इंटरल्यूकिन वाढते. वयात येताना हाडे झपाट्याने वाढत असल्याने अल्कलाइन फॉस्फटेजही जास्त असू शकते. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच मुलाचा उपकरण बसवण्याआधीचा नमुना हाच खरा आधार मानावा. रोजच्या दवाखान्यात ही तपासणी अजून रूढ नाही. स्क्रू थांबवल्यावर शिवणीत हाड भरेपर्यंत उपकरण साधारण तीन ते सहा महिने तोंडात ठेवतात, आणि हाड भरले का हे पाहायला दंतवैद्य आजही क्ष-किरणचित्रच काढतात.