मेंदूज्वराचे निदान आणि पाठीतून काढलेले पाणी

‘मेंदूज्वर’ हा शब्द मराठीत इतका सैल वापरला जातो की मेंदूवरच्या आवरणांचा दाह, म्हणजे मेनिंजायटिस, आणि खुद्द मेंदूचा दाह, म्हणजे एन्सेफलायटिस, हे दोन्ही आजार त्यात सहज सामावतात. हा सैलपणा केवळ बोलण्यातला नाही. ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान आणि हरपत जाणारी शुद्ध एवढ्या लक्षणांवरून कवटीच्या आत नेमके काय बिघडले आहे हे सांगणे जुन्या वैद्यांना अशक्यच होते. रुग्ण जिवंत असताना आत डोकावण्याची सोय नव्हती, त्यामुळे शवविच्छेदनात जे दिसे त्यावरूनच आजाराला नाव मिळत असे.

एडिंबरोचे डॉक्टर रॉबर्ट व्हिट यांचे मेंदूत पाणी साठण्याच्या आजारावरचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १७६८ साली, प्रसिद्ध झाले. आजारी मुलांची नाडी आधी जलद, मग मंद आणि शेवटी पुन्हा जलद होते, हे त्यांनी बारकाईने टिपले होते आणि त्यावरून आजाराचे तीन टप्पे पाडले होते. त्यांनी वर्णिलेला आजार बहुतांशी क्षयाचा मेनिंजायटिस होता, असे आज मानले जाते. त्यांना मात्र त्यात फक्त पाणी दिसले, कारण क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल उजाडावे लागले. याच्या अगदी उलट स्वभावाचा आजार १८०५ मध्ये जिनिव्हा परिसरात पसरला. गास्पार व्ह्यूसो यांनी नोंदवलेल्या त्या साथीत धडधाकट माणसे एक-दोन दिवसांत दगावत होती. एक आजार आठवडे घेणारा, दुसरा तास मोजणारा, आणि दोन्हींत मान ताठ.

ही ताठ मान पारखण्याच्या युक्त्या पुढे निघाल्या. व्लादिमीर केर्निग यांनी १८८० च्या दशकात सेंट पीटर्सबर्गला पाहिले की अशा रुग्णाची मांडी पोटाकडे वाकवली की गुडघा सरळ होत नाही, आणि युझेफ ब्रुजिन्स्की यांनी १९०९ मध्ये दाखवले की मान पुढे वाकवताच रुग्णाचे पाय आपोआप आखडतात. वैद्यकाचे विद्यार्थी ही दोन्ही नावे आजही पाठ करतात, पण त्यांच्यावर किती विसंबावे हा प्रश्नच आहे. मेनिंजायटिसचा संशय असलेल्या २९७ प्रौढांच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००२) आजार खरोखर असलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्क्यांत ही चिन्हे मिळाली.

खरे वळण आले ते सुईमुळे. जर्मनीतील कील येथे हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये कमरेच्या मणक्यांमधून पाणी काढण्याची पद्धत मांडली. लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनीही त्याच सुमारास तसे प्रयत्न केले होते. गंमत अशी की दोघांच्याही मनात प्रथम निदान नव्हते, डोक्यातला दाब उतरवणे हा हेतू होता. क्विंके यांनी मात्र तो दाब मोजला आणि निघालेल्या द्रवाची तपासणीही केली. रुग्णाला कुशीवर निजवून, गुडघे छातीशी घेऊन, पाठ कमानीसारखी वाकवतात. कमरेच्या तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मधल्या फटीतून सुई आत जाते आणि थेंब एकेक करून नळीत पडू लागतो. या प्रकाराने पाय लुळे पडतील अशी नातेवाइकांना धास्ती असते. पण प्रौढ माणसाची मज्जारज्जू त्या फटीच्या वरच, साधारण कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी, संपलेली असते.

हे पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा मेंदू-मज्जाद्रव, निरोगी माणसात नितळ असते. त्यात एका घन मिलिमीटरमागे पाचपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी नसतात आणि साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. जिवाणूंचा संसर्ग असेल तर ते गढूळ येते, पेशी शेकड्या-हजारांत जातात, साखर घटते आणि प्रथिने वाढतात. विषाणू असतील तर बहुधा लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढतात, साखर मात्र सहसा टिकून राहते. क्षयात लिम्फोसाइटही वाढतात आणि साखरही उतरते. शिवाय नळी तशीच ठेवली तर द्रवात कोळिष्टकासारखा तलम गोळा धरतो. त्या काळच्या प्रयोगशाळांत हाच गोळा उचलून काचपट्टीवर पसरवत आणि तासन्‌तास जंतू शोधत.

जंतूंची ओळख याच सुमारास पटत होती. जिवाणू रंगवून ओळखण्याची ग्राम यांची पद्धत १८८४ ची, आणि व्हिएन्नात आंतोन वाइक्सेलबाउम यांनी १८८७ मध्ये मेंदूज्वराच्या रुग्णांत मेनिंगोकोकस जिवाणू दाखवला. जंतू सापडला तरी उपाय लगेच मिळाला नाही. सायमन फ्लेक्सनर यांनी १९१३ मध्ये घोड्याच्या रसिकेने (रक्तातून काढलेल्या सीरमने) उपचार केलेल्या सुमारे १,३०० रुग्णांची माहिती दिली, त्यांतले ३१ टक्के दगावले होते. आधीच्या साथींच्या मानाने हे यशच होते. सल्फा औषधे, पेनिसिलिन आणि क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर चित्र पालटले, मात्र निदानात एक नवी अडचण शिरली. सुई टोचण्याआधीच प्रतिजैविक दिले गेले असेल तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहताना, जंतू बहुधा उगवत नाही. तरीही आजार वेगाने बळावत असताना पाणी काढण्यासाठी औषध रोखून धरणे परवडत नाही, ही तडजोड डॉक्टरांना रोजच करावी लागते.

विषाणूंच्या बाबतीत कोडे जास्त काळ सुटले नाही. हर्पीसच्या एन्सेफलायटिसची खात्री करण्यासाठी एके काळी मेंदूचा तुकडा काढावा लागे. १९९० च्या दशकात पीसीआर ही डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी आल्यावर पाण्यातला विषाणूचा डीएनए पुरेसा ठरू लागला. मलेशियात १९९८-९९ मध्ये डुकरे पाळणाऱ्यांत मेंदूज्वराची साथ आली, तेव्हा ती डासांमुळे होणारी जपानी एन्सेफलायटिस समजून धूरफवारणी आणि लसीकरण झाले. साथ आटोपेना, आणि लस घेतलेली माणसेही आजारी पडत होती. अखेर एका रुग्णाच्या मेंदू-मज्जाद्रवातून अनोळखी विषाणू हाती लागला, त्याला निपाह हे नाव मिळाले. तोवर झालेली चूक लक्षणे वाचण्यातली नव्हती. लक्षणे तशीच होती.

लसींनीही कारणांची यादी हलवली. हिमोफिलस इन्फ्लुएंझा ‘बी’ या जिवाणूवरची संयुग्म लस १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्यानंतर, जिथे ती नियमित दिली गेली तिथे लहान मुलांच्या मेनिंजायटिसचे ते एके काळचे प्रमुख कारण जवळजवळ नाहीसे झाले. सहाराच्या दक्षिणेकडील, आफ्रिकेच्या ‘मेनिंजायटिस पट्ट्या’त २०१० पासून मेनिंगोकोकसच्या ‘ए’ गटाविरुद्धची लस दिली गेली आणि त्या गटाच्या मोठ्या साथी थांबल्या. इतर गटांच्या साथी मात्र तिथे अजून येतात, म्हणून गट कोणता हे ओळखण्यासाठी तिथेही पाणी काढावेच लागते.

क्षयाचा मेनिंजायटिस आजही निदानात सर्वांत निसरडा आहे. पाण्यात जंतू मोजकेच असतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते सहज निसटतात आणि कल्चरला आठवडे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मेंदू-मज्जाद्रवासाठी एक्सपर्ट या क्षयजंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीची शिफारस केली, पुढे तिची अधिक संवेदनक्षम अल्ट्रा आवृत्तीही आली. पण या चाचण्या नकारार्थी आल्या म्हणून क्षय नाहीच असे म्हणता येत नाही, आणि संशय बळकट असेल तर अहवाल हाती नसतानाही उपचार सुरू केले जातात.