छोट्या दवाखान्यासाठी जैव-वैद्यकीय कचऱ्याचे प्राधिकारपत्र: कोणाला लागते, अर्ज कसा करायचा, कागद कोणते

बायोमेडिकलची गाडी येते, पिशव्या उचलते, महिन्याचे पैसेही आपण वेळेवर भरतो; मग परवानगी आणखी कसली? एक-दोन खोल्यांचे दवाखाने आणि छोट्या लॅब चालवणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. कचरा नेणाऱ्या केंद्राशी केलेला करार आणि सरकारी प्राधिकारपत्र, म्हणजे आपण ज्याला ऑथरायझेशन म्हणतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करार केंद्राशी होतो. प्राधिकारपत्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. भिंतीवर केंद्राचे सभासदत्वाचे प्रमाणपत्र लावले म्हणजे काम झाले, हा समज आधी मनातून काढायला हवा.

याचा आधार आहे जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६. पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ खाली ते २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झाले आणि त्यांनी १९९८ चे जुने नियम बाजूला केले. २०१८ मध्ये त्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. त्यामुळे कोणी जुना छापील तक्ता हातात दिला, तर तो दुरुस्तीनंतरचा आहे का हे पाहून घ्या.

कोणाला लागते? कचरा कितीही कमी असो, लागतेच. नियमात 'प्रमाण कितीही असले तरी' असे स्पष्ट म्हटले आहे. एका खुर्चीचा दातांचा दवाखाना, रक्त-लघवी तपासणारी लॅब, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे रुग्णालय, जनावरांचा दवाखाना, रक्तपेढी हे सगळे यात येतात. रक्तदान शिबिरे, लसीकरण शिबिरे आणि शाळेतली प्रथमोपचार खोलीसुद्धा नियमांच्या कक्षेत आहे. घरी मधुमेहाचे इंजेक्शन घेणाऱ्याला मात्र अर्ज करावा लागत नाही. त्याने तो कचरा वेगळा बांधून नगरपालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यायचा असतो.

खाटा नसलेल्या दवाखान्याला प्राधिकारपत्र एकदाच घ्यावे लागते, नूतनीकरणाची कटकट नाही. छोट्यांसाठी ही खरोखर मोठी सोय आहे आणि ती पुष्कळांना माहीतच नसते. खाटा असतील तर प्राधिकारपत्राची मुदत जल व वायू प्रदूषण कायद्यांखालच्या संमतीपत्राच्या मुदतीशी जोडलेली असते, म्हणून दोन्हींच्या तारखा एकत्र लिहून ठेवाव्यात.

अर्ज करायचा तो नमुना २ मध्ये, मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर. त्यात दवाखान्याचे नाव, पत्ता, जीपीएस स्थान, खाटा, महिन्याला किती रुग्ण येतात, नवा अर्ज की नूतनीकरण, आणि कचरा कोणत्या रंगाच्या वर्गात किती निघतो हे विचारलेले असते. अर्ज सर्वांत जास्त अडतो तो याच शेवटच्या रकान्यावर. शेजारच्या डॉक्टरांच्या अर्जातले आकडे उतरवू नका. आठवडाभर प्रत्येक पिशवी वजनकाट्यावर ठेवून नोंद करा आणि तोच आकडा लिहा. पुढे दरवर्षी अहवाल याच प्रमाणाशी ताडून पाहिला जाणार असतो.

सोबत साधारणपणे हे कागद तयार ठेवा: डॉक्टरांचे वैद्यकीय परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र, खाटा असल्यास नर्सिंग होमची नोंदणी, जागेच्या मालकीचा किंवा भाड्याचा पुरावा, आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी, म्हणजे अनेक दवाखान्यांचा कचरा नेऊन प्रक्रिया करणाऱ्या केंद्राशी, केलेला चालू करार. करारावरचे नाव आणि पत्ता अर्जाशी अक्षरशः जुळायला हवा. एकीकडे 'क्लिनिक' आणि दुसरीकडे 'हॉस्पिटल' एवढ्यावरूनही त्रुटी निघते. स्वतःची भट्टी लावू किंवा मागे खड्डा खणू, असा विचार असेल तर तो सोडा. ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सेवा मिळत असेल तर दवाखान्याने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारायची नाही, असा नियम आहे. खोल पुरण्याची मुभा आहे ती अशा केंद्राची सोय नसलेल्या ग्रामीण आणि दुर्गम भागापुरती.

अर्ज पूर्ण असेल तर मंडळाने ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. न दिल्यास प्राधिकारपत्र मिळाले असे मानले जाते. मात्र हे ९० दिवस परिपूर्ण अर्ज पोहोचल्यापासून मोजतात, म्हणून पोचपावती आणि त्रुटीपूर्तीचे सगळे कागद जपून ठेवा.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते काम. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण पुन्हा लावायचे नाही. बहुतेक वेळा बोटाला टोचते ते इथेच. सुई तशीच निडल कटरमध्ये घालायची. सुई पडते पांढऱ्या, न फुटणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यात. उरलेली सिरिंज लाल पिशवीत, हातमोजे आणि सलाइनचा सेटही लालच. जखमेचा कापूस, ड्रेसिंग, प्लास्टर पिवळ्यात. काचेची वायल आणि अँप्युल निळ्या खुणेच्या डब्यात. सिरिंजचे कोरे वेष्टन मात्र साध्या कचऱ्यात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा साधाच असतो, पण एक रक्ताळलेला बोळा त्यात पडला की सगळी पिशवी संसर्गजन्य धरावी लागते. लॅबमधले रक्ताचे नमुने आणि कल्चर प्लेट (जंतू वाढवून तपासण्याच्या बशा) जागेवरच निर्जंतुक करून मगच द्यायचे.

आपल्याकडे या पिशव्या बांधते ती मावशी, डॉक्टर नव्हे. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाचा धोका ३० टक्क्यांच्या घरात असतो. म्हणूनच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, रुजू होताना व नंतर दरवर्षी प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी या गोष्टी नियमाने बंधनकारक केल्या आहेत. मावशींच्या लसीची नोंद फाइलमध्ये नसेल, तर ती सर्वांत आधी करून घ्या. सुई टोचलीच तर जागा साबणाने व वाहत्या पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत.

न प्रक्रिया केलेला पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. सणासुदीला गाडी चुकली आणि मुदत उलटली, तर मंडळाला कारणासह कळवायचे असते. पिशव्या बारकोडच्या आणि क्लोरिनविरहित प्लास्टिकच्या हव्यात. रोजच्या वजनाची वही ठेवा. नोंदी पाच वर्षे जपाव्या लागतात. ३० पेक्षा कमी खाटा असतील तर कचरा व्यवस्थापनाची वेगळी समिती लागत नाही, पण या कामावर देखरेखीसाठी एक पात्र व्यक्ती नेमावी लागते.

प्राधिकारपत्र हाती आले की नमुना ४ विसरू नका. जानेवारी ते डिसेंबरचा वार्षिक अहवाल पुढच्या ३० जूनपर्यंत द्यायचा असतो. सुई टोचण्यासारख्या अपघातांची माहिती याच अहवालात जाते. कचऱ्याचे वाहन उलटणे किंवा कचरा पाण्यात मिसळणे असा मोठा अपघात झाला, तर तत्काळ कळवून २४ तासांत नमुना १ मध्ये लेखी अहवाल द्यावा लागतो.

खाटा वाढवल्या, शस्त्रक्रिया सुरू केल्या किंवा लॅब जोडली, तर नमुना २ मध्ये नव्याने अर्ज करायचा. अर्ज नाकारायचा झाल्यास मंडळाला कारणे लेखी द्यावी लागतात आणि आपले म्हणणे ऐकून घ्यावे लागते. तरीही निर्णय पटला नाही, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ५ मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाच्या सचिवांकडे अपील करता येते.