कृष्णवर्णीय इतिहास महिना

आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांच्या इतिहासाचे स्मरण आणि अभ्यास यांसाठी अमेरिकेत दरवर्षी फेब्रुवारीत पाळला जाणारा महिना. १९२६ मध्ये ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ या नावाने त्याची सुरुवात झाली. इतिहासकार कार्टर गॉडविन वुडसन (१८७५–१९५०) हे त्याचे प्रवर्तक.

वुडसन यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील न्यू कँटन येथे झाला. त्यांचे आईवडील गुलामगिरीतून मुक्त झालेले होते. गरिबीमुळे शाळा सलग होऊ शकली नाही आणि तरुणपणी त्यांना वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींत काम करावे लागले. तेथे ऑलिव्हर जोन्स या कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या घरी काम सुटल्यावर मंडळी जमत. जोन्स अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) लढलेले होते. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, तरी त्यांनी पुस्तके आणि वर्तमानपत्रे आवर्जून ठेवली होती. वुडसन ती मोठ्याने वाचून दाखवत. मग ऐकणारे जुने सैनिक युद्धाच्या आणि गुलामीच्या आठवणी सांगत. आपल्या माणसांचा इतिहास छापील पुस्तकांबाहेर किती पडून आहे, हे वुडसन यांना हार्वर्डच्या कितीतरी आधी या बैठकींत उमगले. पुढे त्यांनी या आठवणी कृतज्ञतेने लिहूनही ठेवल्या. विशीच्या उंबरठ्यावर हायस्कूलमध्ये दाखल झालेल्या या माणसाने १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची इतिहासातील पीएच.डी. मिळवली. कृष्णवर्णीयांपैकी त्यांच्याआधी तेथे ती मिळवणारे एकटे समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते.

१९१५ च्या उन्हाळ्यात गुलामगिरीच्या अंताला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त शिकागोत मोठे प्रदर्शन भरले. वुडसन यांनीही तेथे इतिहासविषयक दालन मांडले होते. प्रदर्शन पाहायला हजारोंनी लोक लोटले. ही ओढ सोहळ्यापुरती राहू नये म्हणून ९ सप्टेंबर रोजी वॉबॅश अव्हेन्यूवरील वाय.एम.सी.ए.मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह नीग्रो जीवन व इतिहास यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापली आणि १९१६ च्या जानेवारीत तिचे संशोधन-नियतकालिक सुरू केले. त्या काळची प्रचलित पाठ्यपुस्तके गुलामांना आपल्या स्थितीत सुखी दाखवत, किंवा त्यांचा उल्लेखच टाळत. ज्यांच्या पूर्वजांनी काही केलेच नाही असे शिकवले जाते, त्यांना तुच्छ लेखणे सोपे होते, ही वुडसन यांची ठाम धारणा होती. वंशद्वेषाचे मूळ त्यांनी वर्गातल्या फळ्यापर्यंत नेऊन दाखवले, हे त्यांचे मोठे काम.

संशोधन मात्र विद्वानांपुरते राहत होते. ते लोकांत न्यावे म्हणून वुडसन यांनी ‘ओमेगा साय फाय’ या कृष्णवर्णीय पदवीधरांच्या बंधुमंडळाला गळ घातली आणि मंडळाने १९२४ मध्ये असा एक सप्ताह पाळला. त्यानंतर हे काम संस्थेने स्वतःकडे घेतले व १९२६ चा फेब्रुवारी ठरवला.

वर्षातला सर्वांत लहान महिना कृष्णवर्णीयांच्या पदरात टाकला गेला, असा समज अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. फेब्रुवारी वुडसन यांनीच निवडला. १२ फेब्रुवारी हा अब्राहम लिंकन यांचा जन्मदिन. गुलामीतून निसटून थोर वक्ते झालेले फ्रेडरिक डग्लस यांना आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. त्यांनी १४ फेब्रुवारी हा दिवस मानला होता. हे दोन्ही दिवस कृष्णवर्णीय वस्त्यांत आधीपासून साजरे होत. वॉशिंग्टनच्या शाळांत कृष्णवर्णीय कार्यकर्त्या मेरी चर्च टेरेल यांनी १८९७ मध्येच डग्लस दिन सुरू केला होता. वुडसन यांनी या रुळलेल्या परंपरेला हात घातला, पण तिचा रोख बदलला. दोन थोर पुरुषांच्या गौरवावर न थांबता ज्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत अशा असंख्य स्त्री-पुरुषांचे कर्तृत्व सांगावे, असा त्यांचा आग्रह होता.

पहिल्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना, डेलावेअर व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन या शहरांच्या शिक्षणखात्यांनी साथ दिली. तरी सप्ताह खऱ्या अर्थाने जगवला तो वर्णभेदामुळे वेगळ्या ठेवलेल्या कृष्णवर्णीय शाळांतील शिक्षकांनी, ज्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. धडे, नाटुकल्या, छायाचित्रे आणि भित्तिपत्रके वॉशिंग्टनमधील १५३८ नाइन्थ स्ट्रीट या घरातून रवाना होत. वुडसन तेथेच राहत आणि संस्थेचे कार्यालयही तेच होते. संस्थेच्या अध्यक्ष मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्या आग्रहाने १९३७ मध्ये शिक्षकांसाठी सोप्या भाषेतील स्वतंत्र पत्रिका निघाली. सप्ताहाची लोकप्रियता पाहून पैसे कमावायला पुढे सरसावलेल्या भोंदू वक्त्यांबद्दल वुडसन यांना सावध करावे लागले. एका आठवड्यावर त्यांचे समाधानही नव्हते. हा इतिहास वर्षभर शिकवला जावा, असे ते म्हणत.

सप्ताहाचा महिना झाला तो लोकांच्या पातळीवरून. वेस्ट व्हर्जिनियात १९४० च्या दशकातच तो काही ठिकाणी महिनाभर चाले. ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये मागणी केली आणि पुढच्या वर्षी महिना पाळला. पन्नासाव्या वर्षी, १९७६ मध्ये, वुडसन यांच्या संस्थेने अधिकृतपणे महिना स्वीकारला. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्याच वेळी नागरिकांना तो पाळण्याचे आवाहन केले. अमेरिकी संसदेचा (काँग्रेसचा) याविषयीचा कायदा आला तो १९८६ मध्ये, म्हणजे वुडसन यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. ब्रिटनमध्ये १९८७ पासून हा महिना ऑक्टोबरात पाळला जातो. तेथे घानाहून आलेले अक्याबा अडाई-सेबो यांनी पुढाकार घेतला. कॅनडात खासदार जीन ऑगस्टीन यांच्या प्रस्तावावर १९९५ च्या डिसेंबरात कनिष्ठ सभागृहाने फेब्रुवारीला मान्यता दिली.