मॅग्नम पुंगळी म्हणजे मॅग्नम बार नव्हे

बालेवाडीच्या रेंजवरून उतरलेली मंडळी चहाला बसली आणि कुणी अमेरिकेतला रिलोडिंगचा, म्हणजे वापरलेली पुंगळी (काडतुसाचं धातूचं कवच) घरी पुन्हा भरण्याचा व्हिडिओ दाखवला, की तीच गल्लत सुरू होते. रिव्हॉल्व्हरचं .38 स्पेशल काडतूस, आणि त्याहून जोरकस .357 मॅग्नमच्या पुंगळीत भरलेला हलका बार (बार म्हणजे आतला दारूचा भरणा), या दोन गोष्टी. एक पक्ष म्हणतो दोन्ही एकच, दुसरा म्हणतो मॅग्नम ते मॅग्नमच. दोघेही चुकतात.

आधी एक. शस्त्र कायदा 1959, कलम 5: परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. खडकीचा कारखाना 1869 पासून ते काम करतोय, त्यालाच करू द्या. कोथरूडच्या गच्चीवर हा उद्योग नको. पुढचं सगळं समजून घेण्यापुरतं.

आधी .38 स्पेशल. 158 ग्रेनची, म्हणजे साधारण 10 ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण 230 मीटर, धक्का सौम्य. .357 मॅग्नम 1935 साली आलं. गोळीचा व्यास दोन्हीत जवळपास तोच, नऊ मिलिमीटरच्या किंचित वर. मग एक 38 आणि दुसरं 357 का, यावर लोक अर्धा तास घालवतात. तो वाचवा. फरक पुंगळीच्या लांबीत आहे: 29.3 विरुद्ध 32.8 मिलिमीटर. ही वाढ मुख्यतः अडवण्यासाठी होती. .38 चा कमाल दाब 17,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), मॅग्नमचा 35,000; असलं काडतूस .38 च्या सिलिंडरमध्ये (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागात) शिरूच नये, एवढ्यासाठी ती लांबी.

म्हणूनच मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .38 चालतं, उलटं चालत नाही. मग कुणी लांब पुंगळीत हलका बार भरतोच कशाला? आखूड पुंगळीच्या तोंडापुढे चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, काजळी आणि शिशाचं कडं साचतं, आणि नंतर लांब काडतूस घालताना ते अडतं. ‘ब्रश मारला की जातं’ म्हणणाऱ्यांनी सहाही चेंबर एकदा स्वतः घासून बघावेत. अचूकतेचा मुद्दाही काढतात, पुंगळीतून नळीत शिरताना गोळीला कमी उडी मारावी लागते वगैरे. 25 मीटरवर तो मला फार महत्त्वाचा वाटत नाही.

लांब पुंगळीत घातल्याने बार जोरकस होत नाही. मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून दूध वाढत नाही. उलट मोकळी जागा वाढते, दाब थोडा उतरतो आणि तेवढ्याच दारूत गोळी जरा हळू जाते.

खरी मेख ‘हलका’ या शब्दाखाली दडलेली आहे. हलका बार म्हणजे मॅग्नमचीच दारू घ्यायची आणि कमी भरायची, असं बहुतेकांना वाटतं. दारू कमी म्हणजे धोका कमी, हा त्यामागचा हिशेब, आणि तोच घातक आहे. मॅग्नमसाठी वापरतात त्या एच110 सारख्या दारूला संथ दारू म्हणतात. नीट पेटायला तिला भरलेली पुंगळी आणि चढता दाब लागतो. ती विकणारी हॉजडन कंपनीच सांगते की एच110 चं माप तीन टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. निम्मी केलीत तर ती अर्धवट पेटते, गोळी नळीत ढकलली जाते आणि तिथेच थांबते. फुसका बार. मागून दुसरी गोळी आली की नळी फुगते किंवा फाटते.

हलक्या बारासाठी दारूच वेगळी लागते, जलद पेटणारी, बुल्सआयसारखी. कमी दाबातही ती नीट जळते, म्हणून .38 च्या निशाणेबाजीच्या काडतुसांत ती पूर्वीपासून आहे. माप इतकं थोडं की तीन ग्रेनच्या आतबाहेर, म्हणजे जेमतेम 0.2 ग्रॅम. मॅग्नम पुंगळीत ते तळाला चिमूटभर दिसतं. तिचा धोका बरोबर उलटा: चुकून दोनदा भरली तरी पुंगळी निम्मीसुद्धा भरत नाही, आणि वरवर बघणाऱ्याला कळत नाही. संथ दारू दोनदा भरली तर सांडते तरी. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून बघणं मला वजनकाट्याइतकंच आवश्यक वाटतं. घाई असणाऱ्यांनी विकतची काडतुसं वापरावीत.

लेबलाबाबत मी हट्टी आहे. पुंगळीच्या बुडावर ‘.357 मॅग्नम’ कोरलेलं असतं, आत काय आहे ते तिथे लिहिलेलं नसतं. हलक्या बारांना निकेल चढवलेल्या पुंगळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि डब्यावर दारू, माप, तारीख लिहावी. ‘लक्षात राहतं’ हे उत्तर मला चालत नाही. .38 च्या पुंगळीत मॅग्नमचा बार भरणाऱ्याशी तर मी वादही घालत नाही. ते काडतूस उद्या कुणाच्या .38 मध्ये जाईल हे त्याला सांगता येत नाही.

आणि गोळीबारात एखादा बार ‘फट्ट’ असा दबका वाजला, धक्काच जाणवला नाही, तर तिथेच थांबायचं. नळी सुरक्षित दिशेला, थोडा वेळ तशीच, मग सिलिंडर रिकामा, आणि नळीतून सळई आरपार जाते का ते बघायचं. शेजारचा ‘मार रे पुढची’ म्हणाला तरी.